सातपैकी सहा खुणा

कामाला माणूस मिळत नाही, ही तक्रार आता घरोघरी ऐकू येते. मोठ्या बाईंच्या घरी मात्र ती तक्रार राहिली नव्हती, संकट झाली होती. सून सातव्या महिन्यात होती आणि डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायचं नाही असं बजावलं होतं. मुलगा सकाळी साडेसातला कारखान्यात जायचा तो थेट संध्याकाळी उगवायचा. मोठ्या बाई स्वतः अडुसष्टच्या, आणि गुडघे त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे! अठ्ठावीस वर्षं त्यांनी शाळा सांभाळली होती, म्हणून गावभर त्या ‘मोठ्या बाई’. पण शाळा सांभाळणं वेगळं आणि सकाळच्या वेळी एकटीने घर सांभाळणं वेगळं.

तीन बायका आल्या आणि गेल्या. एकीला जिने झेपेनात, दुसरी हातात फोन घेऊनच भांडी घासायची, तिसरी तर पहिल्या दिवशी चहा पिऊन गेली ती गेलीच. शेवटी शेजारणीने एक नंबर दिला. “भाऊंना फोन करा. चोवीस तासांची मुलगी देतात. गरीब, शांत, वर मान करून बोलत नाही.”

भाऊ हा घरकामाला मुली पुरवणारा एजंट. गोड बोलणारा, स्वच्छ पांढऱ्या शर्टातला माणूस. दोन दिवसांत तो मुलीला घेऊन आला. हडकुळी, तेल लावून चापून बसवलेले केस, हातात कापडी पिशवी. मोठ्या बाईंनी अजून काही विचारलंही नव्हतं, तेवढ्यात ती म्हणाली, “अठरा पूर्ण झाली.”

मोठ्या बाईंच्या मनात काहीतरी टोचलं. अठ्ठावीस वर्षं मुलं पाहिलेली बाई! कुठलं मूल कोणत्या इयत्तेतलं, हे त्या पाठमोऱ्या मुलावरून सांगायच्या. पण आतल्या खोलीतून सुनेची हाक आली, “आई, जरा पाणी देता का?” आणि टोचलेलं ते तसंच राहून गेलं. भाऊने कागद पुढे केला, बाईंनी सही केली.

मुलगी कामाची निघाली. न सांगता समजायचं तिला. महिन्याभरात घर रुळावर आलं. सून तिला लाडाने ‘छोटी’ म्हणायला लागली, मग सगळेच म्हणायला लागले.

आता हेही सांगायला हवं की मोठ्या बाई एका संस्थेच्या चिटणीस होत्या. माणसांच्या खरेदी-विक्रीविरुद्ध काम करणारी संस्था. नोकरीच्या, लग्नाच्या, शिक्षणाच्या भूलथापा देऊन पळवलेल्या मुली-बायकांना सोडवायचं, निवाऱ्यात ठेवायचं, पायावर उभं करायचं. शहरातली मानाची माणसं तिच्या कार्यकारी मंडळावर होती. अध्यक्ष डॉक्टर होते, शिवाय एक वकील, एक कारखानदार, मोठ्या बाई, आणि गेल्या वर्षापासून टेलरताई.

टेलरताईला मंडळावर घेतलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ती निवाऱ्यात मुलींना शिवण शिकवायची. स्वतःही अशीच सुटून तिथे आलेली होती. वार्षिक सभेत तिला भाषण करायला सांगितलं, तेव्हा तिने माईक हातात घेऊन म्हटलं होतं, “मी काय सोसलं ते सांगून तुम्हाला रडवणार नाही. मला खुर्ची दिलीय, तर मी खुर्चीवर बसून कामाचं बोलेन.” पहिल्या रांगेत जरा कुजबुज झाली होती.

त्या महिन्यात मंडळाने एक पत्रक काढायचं ठरवलं. ‘तुमच्या आसपास कोणी अडकलंय का? ओळखा या सात खुणा.’ मजकूर मोठ्या बाईंनी लिहायचा आणि टेलरताईने तपासायचा. म्हणून एका दुपारी टेलरताई मोठ्या बाईंच्या घरी आली.

जेवणाच्या टेबलावर कागद पसरले होते. टेलरताईने चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. “एक. वय विचारलं की पाठ केल्यासारखं उत्तर येतं. बरोबर आहे. दोन. तिची कागदपत्रं दुसऱ्याच कोणाकडे असतात. तीन. तिच्या कामाचा पैसा तिच्या हातात पडत नाही. चार. तिला घरच्यांशी बोलू दिलं जात नाही…”

छोटी चहा घेऊन आली. कप ठेवले, टेबलावरचे खोडरबराचे कण हाताने गोळा केले आणि उभी राहिली.

“कितवं वर्ष ग तुझं?” टेलरताईने सहज विचारलं.

“अठरा पूर्ण झाली.”

“अरे वा. वाढदिवस कधी झाला?”

याचं उत्तर तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती मोठ्या बाईंकडे बघू लागली.

“जा बाळ, भांडी राहिलीत ना?” मोठ्या बाई म्हणाल्या. छोटी गेली.

टेलरताईने कागद उलटा करून ठेवला. “बाई, हिची कागदपत्रं कुठे आहेत?”

“भाऊंकडे. म्हणजे… एजंटकडे. सुरक्षित राहतात म्हणून.”

“आणि पगार?”

“तोही तेच घेतात. घरी पोचवतात तिच्या.”

“घरी बोलते ही?”

मोठ्या बाईंनी कपाची कड पुसली. “भाऊ म्हणाले, घरचा आवाज ऐकला की मुली रडतात, काम टाकून पळतात. वर्षभराने बोलू दे म्हणाले.”

“आता पाच आणि सहा. एकटी खाली जाते? सुट्टी कोणती?”

“अहो, टेलरताई!” मोठ्या बाईंचा आवाज चढला. “तुम्ही माझी उलटतपासणी घेताय का? आम्ही जीव लावतो तिला. आम्ही खातो तेच ती खाते. सोफ्यावर बसून टीव्ही बघते. कोणी बोट लावलेलं नाही अंगाला! वाचा ना सातवी खूण. अंगावर मारहाणीचे वळ. दाखवा एक तरी!”

“सातवी नाही म्हणून आधीच्या सहा माफ?”

टेलरताई आज थांबणार नव्हती. ती हळू बोलत होती, पण एकेक शब्द टाक्याने घट्ट बसवल्यासारखा.

“बाई, लोकांना वाटतं मला कुठल्यातरी बदनाम गल्लीतून सोडवलं. नाही. मला सातव्या मजल्यावरून सोडवलं. चांगल्या घरातून. अकराची होते तेव्हा गेले, विसाव्या वर्षी बाहेर आले. माझी मालकीणही जीव लावायची. एकदा तिने मला नवा फ्रॉक आणला. आणायला गेली तेव्हा दाराला बाहेरून कुलूप लावून गेली होती. मला फ्रॉकचा इतका आनंद झाला की कुलपाचं काही वाटलंच नाही. जीव मांजरालाही लावतात, बाई. पण मांजराला दार उघडं असतं.”

“मला खरंच वाटलं होतं अठराची आहे,” मोठ्या बाई पुटपुटल्या.

“सगळं घर तिला छोटी म्हणतं, आणि कागदावर तेवढी मोठी?” टेलरताई उठली. “हे पत्रक आपण कुठे वाटणार होतो? वस्तीत. बसस्टँडवर. तुमच्या या जिन्यात एक तरी टाकणार होतो का? जिथे मुली निघतात तिथे आपण भिंती रंगवतो. जिथे त्या पोचतात तिथे चहा पितो.”

तिने चहाला हात लावला नव्हता. ती निघून गेली.

मोठ्या बाई आधी चिडल्या. माणूस पकडला जातो तेव्हा आधी चिडतोच. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. छोटी स्टुलावर उभी राहून वरच्या फळीवरचे डबे पुसत होती. बाईंनी तिला खाली उतरवलं, टेबलाशी बसवलं, पुढे कागद-पेन्सिल ठेवली. “तुझं नाव लिही. गावाचं लिही.”

छोटीने जीभ दातांत धरून लिहिलं. अक्षरं रेघ सोडून वर चढलेली, शेवटचं अक्षर कडेला मावेना म्हणून बारीक केलेलं. मोठ्या बाईंनी असं अक्षर हजारो वह्यांत पाहिलं होतं. त्यांना वय विचारायची गरज उरली नव्हती.

“कितवीत होतीस?”

“सातवीत. सहामाही दिली नाही. भाऊ म्हणाले, शहरात शाळा आहे.” मग एकदम घाबरून, “अठरा पूर्ण झाली, आजी!”

मोठ्या बाईंनी फोन उचलला आणि भाऊला लावला. “मुलीचं खरं वय सांगा.”

पलीकडून भाऊ हसला. मुळीच घाबरला नाही. “बाई, काही तक्रार आहे का? कामात कमी पडते? उद्या बदलून देतो. दुसरी पाठवतो, हिच्यापेक्षा शांत.”

“बदलून देतो? मिक्सर आहे का ती!”

“चिडू नका हो. तुम्ही मोठी माणसं, मी तुमची सेवाच करतो. तुमच्या अध्यक्षांकडे माझीच मुलगी आहे. कारखानदारसाहेबांकडे दोन आहेत. त्यांनी कधी वय विचारलं नाही.”

बाईंनी फोन ठेवला. आपण या माणसाचं गिऱ्हाईक आहोत! भाषणांत ज्यांना आपण ‘समाजकंटक’ म्हणत आलो, त्यांचं दुकान आपल्या सहीवर चालतंय!

संध्याकाळी मुलाला सांगितलं तेव्हा तो भडकला. “आई, तुझी तत्त्वं तुझ्या संस्थेत ठेव. अजून दोन महिने काढायचेत. हिला काही झालं तर? दोन महिन्यांनी कर काय ते.”

“दोन महिन्यांनी ती आणखी दोन महिने हरवलेली असेल.”

“तू पोलिसांत गेलीस तर पहिलं बोट तुझ्याकडेच येईल, कळतंय का?”

“येऊ दे. माझ्याकडे यायलाच हवं ते.”

आतल्या खोलीतून सुनेचा आवाज आला, “छोटीला इकडे पाठवा.” दोघं दारात जाऊन उभी राहिली. सुनेने छोटीला पलंगावर बसवलं, तिचा हात आपल्या पोटावर ठेवला आणि विचारलं, “खरं सांग. मी कोणाला रागावू देणार नाही. किती वर्षांची आहेस?”

“तेरा,” छोटी म्हणाली आणि रडायला लागली.

सून नवऱ्याकडे बघून म्हणाली, “माझं बाळ नीट यावं म्हणून दुसऱ्या कोणाचं मूल माझे पाय चेपतंय. मला नाही हे चालणार. उद्यापासून स्वयंपाक तू कर. करपला तरी खाईन.”

शनिवारी दुपारी मंडळाची सभा होती. पहिला विषय पत्रकाची मंजुरी. मोठ्या बाईंनी उभं राहून सातही खुणा वाचल्या. कारखानदार म्हणाले, “छान झालंय. सोपं, सुटसुटीत. मंजूर.”

“थांबा,” मोठ्या बाई म्हणाल्या. “या सातपैकी सहा खुणा माझ्या घरात आहेत. मुलगी तेरा वर्षांची आहे. भाऊ नावाच्या एजंटने आणून दिली. सही मी केली. त्याच माणसाच्या मुली या टेबलाभोवतीच्या आणखी दोन घरांत आहेत. सभा संपली की मी पोलिस ठाण्यात जाणार आहे.”

कारखानदारांनी हातातलं पत्रक खाली ठेवलं.

डॉक्टरांनी घसा साफ केला. “बाई, तुम्ही थकल्या आहात. घरी आजारपण आहे. हे आपण खाजगीत बोलू. इतिवृत्तात घ्यायला नको.”

“इतिवृत्त मी लिहिते, डॉक्टरसाहेब. आणि लिहून झालंय.”

“अहो, पण संस्थेचं नाव काय राहील!” कारखानदार उसळले. “तीस वर्षांची इभ्रत! लोक म्हणतील, कुंपणच शेत खातंय.”

“खातंयच!” टेलरताई म्हणाली. “लोकांना आज कळेल इतकंच. शेताला केव्हाचं माहीत आहे.”

“तुम्ही मध्ये बोलू नका. तुम्हाला इथे आम्ही बसवलंय.”

“बसवलंय ना? मग बसूनच बोलते. साहेब, मी सुटले तेव्हा माझ्या सोडवणुकीचा फोटो या भिंतीवर लागला. माझा चेहरा झाकला होता, आणि माझ्या मालकिणीचं नाव कोणी कुठेच लावलं नाही. चांगलं घर आहे, बदनामी नको म्हणाले. त्यानंतर त्याच घरात दुसरी मुलगी गेली. तुमची इभ्रत वाचली, तिचीही वर्षं गेली. आता नाही!”

वकील सावकाश म्हणाले, “बाई, कायद्याने सांगतो. कामावर ठेवणाराही गुन्हेगार ठरतो. तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय.”

“वकीलसाहेब, आतापर्यंत तो धोंडा दुसऱ्याच्या पोरीच्या डोक्यावर होता,” मोठ्या बाई म्हणाल्या. “माझ्या पायावर पडला तर निदान दिसेल तरी.” त्यांनी इतिवृत्ताची वही बंद केली आणि डॉक्टरांकडे वळल्या. “तुमच्या घरची मुलगी किती वर्षांची आहे?”

“मोठी असावी. दिसते मोठी.”

“दिसते? तुम्ही डॉक्टर आहात!”

कारखानदार खुर्ची मागे सारून निघून गेले आणि जाताना म्हणाले, “या संस्थेला टाळं लागलं नाही तर बघा.” मोठ्या बाई आणि टेलरताई जिना उतरल्या. गुडघे दुखत होते, तरी मोठ्या बाईंनी कठड्याला हात लावला नाही.

पोलिस ठाण्यात अधिकाऱ्याने विचारलं, “तक्रार कोणाविरुद्ध?”

“आधी एजंटविरुद्ध. मग ठेवणाऱ्यांविरुद्ध. त्या यादीत पहिलं नाव माझं लिहा.”

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. “बाई, लोक इथे नाव काढायला येतात. घालायला आलेलं कोणी पाहिलं नाही अजून.”

“मग आजपासून पाहा,” टेलरताई म्हणाली. “आणि जरा घाई करा. तो माणूस सावध आहे.”

त्याच संध्याकाळी भाऊच्या कार्यालयावर पोलिस गेले. एका कपाटात चौदा मुलींची कागदपत्रं सापडली, रबराने बांधलेली, प्रत्येकीवर घराचा पत्ता. कारखानदारांकडच्या दोघी तासाभरातच मिळाल्या. एक पंधराची, दुसरी तिच्याहून लहान. छोटीला निवाऱ्यात न्यायला महिला पोलिस आल्या तेव्हा ती मोठ्या बाईंच्या पदराला लोंबकळली. “मी चोरी केली का, आजी? मला का हाकलता?”

मोठ्या बाई गुडघ्यांची पर्वा न करता जमिनीवर बसल्या. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी कुठल्याही मुलाची क्षमा मागितली नव्हती. “तू काही केलं नाहीस बाळ. मी केलं. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि मी न कळल्यासारखं केलं. मला माफ कर.” छोटीला त्यातलं किती समजलं, कोण जाणे. पण तिने पदर सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निवाऱ्याच्या दाराशी एक गाडी थांबली. डॉक्टर उतरले. त्यांच्याबरोबर एक मुलगी होती, अंगात मोठ्या माणसाचा सैल स्वेटर. डॉक्टर टेलरताईसमोर उभे राहिले, पण नजर वर होईना. “रात्री मी हिचे दात पाहिले. अक्कलदाढा नाहीत, म्हणून आणखी तपासलं. चौदाच्या वर नाही. रोज माझ्या समोर पाणी आणून ठेवत होती, आणि मी कधी हिच्या तोंडाकडे बघितलं नाही.” त्यांनी खिशातून एक पाकीट काढलं. “हा अध्यक्षपदाचा राजीनामा. माझ्या जागी तुमचं नाव सुचवलंय.”

टेलरताईने पाकीट घेतलं. “अध्यक्षपद घेईन. पण राजीनाम्याने सुटका नाही, डॉक्टरसाहेब. उरलेल्या मुलींची तपासणी कोण करणार? पांढरा कोट घालून दुपारी या.”

डॉक्टर आले. रोज येत राहिले.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. चौदांपैकी अकरा मुली मिळाल्या. तिघींचे पत्ते खोटे निघाले, त्यांचा शोध अजून चालू आहे. कारखानदारांनी संस्थेची जागा सोडायला लावली, आता ती शिवणाच्या वर्गातच चालते. मोठ्या बाईंवर खटला झाला आणि शिक्षा म्हणून दंडही. शेजारणीने जिन्यात बोलणं टाकलं. मुलाने आठवडाभर करपलेला स्वयंपाक केला, मग जमायला लागलं. नात सुखरूप झाली. छोटीचे वडील आले तेव्हा त्यांच्या खिशात एक फोटो होता, मुलीचा शाळेच्या गणवेशातला. भाऊने कुठल्यातरी दुसऱ्याच शाळेसमोर उभं करून काढलेला. ‘शिकतेय’ म्हणून त्याने तो त्यांना दिला होता. त्यांनी लेकीचे हात उलटेपालटे करून पाहिले. बोटं साबणाने सोललेली होती.

भाऊवरच्या खटल्यात मोठ्या बाई साक्षीदार म्हणून उभ्या राहिल्या. भाऊच्या वकिलाने हसत विचारलं, “तुम्ही मुलींना सोडवणाऱ्या संस्थेच्या चिटणीस. आणि मुलगी सापडली तुमच्याच घरात. लाज नाही वाटत, बाई?”

मागच्या बाकावर टेलरताई बसली होती. मोठ्या बाई ताठ उभ्या राहिल्या.

“वाटली,” त्या म्हणाल्या. “म्हणूनच मी इथे उभी आहे. ज्यांना वाटली नाही ते घरी बसलेत, आणि त्यांच्याकडे कोणीतरी चहा करतंय.”

वाचकहो, माणसांचा बाजार अंधाऱ्या गल्लीत भरतो, असं आपल्याला वाटतं. तसं वाटणं सोयीचं असतं, कारण त्या गल्लीत आपण राहत नाही. पण विकणारा उभा राहतो तो घेणाऱ्याच्या भरवशावर. आणि घेणारा तुमच्या-माझ्यासारखा सभ्य, कामात बुडालेला, चांगल्या मनाचा माणूस असू शकतो. तेव्हा दुसऱ्याच्या दारावर पत्रक चिकटवण्याआधी आपल्या दाराच्या आत बघा. तुमच्याकडे, तुमच्या भावाकडे, शेजारी, साहेबांकडे जी कोणी राबते आहे, तिला दोन गोष्टी विचारा. तुझं वय काय? आणि आईशी शेवटचं कधी बोललीस?

उत्तर द्यायच्या आधी तिने तुमच्या तोंडाकडे बघितलं, तर काय ते समजून जा. आणि मग नाव जाईल, नातं तुटेल, स्वयंपाक करपेल, याची पर्वा न करता दार उघडा!